बी, बीज आणि बियाणे
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. चिटणीसबाई आमंत्रण घेऊन घरी आल्या तेव्हा मी सुपात पावट्याचे बी निवडीत बसले होते. त्यांनी वही उघडून विचारले, "विषय काय लिहू?" मी म्हटले, "सुपात आहे तोच लिहा." त्या हसल्या आणि त्यांनी खरोखरच लिहून घेतले. तेव्हा आज बोलायचे ते बीविषयी. विषय एवढासा वाटतो खरा. पण बी दिसते लहान आणि तिच्यातून काय काय निघेल ते सांगता येत नाही, हे आपणा सर्वजणींना ठाऊकच आहे.

पहिली गंमत अशी की, आपण बायका दिवसभर बियांतच वावरतो आणि त्यांना बी मात्र क्वचितच म्हणतो. आंब्याची ती कोय, फणसाची ती आठळी, चिंचेचा तो चिंचोका, कापसाची ती सरकी, चाराची ती चारोळी, बिब्ब्याची ती गोडंबी. फोडणीतली मोहरी, लोणच्यातली मेथी, संक्रांतीचे तीळ, अनरशावरची खसखस, श्रीखंडातले जायफळ या साऱ्या बियाच. बाळंतिणीला लाडू करतो ते अळीवही बीच. लहानपणी आपण सागरगोटे खेळलो. तीही एका काटेरी वेलीची बी. चिंचोके फोडून त्यांचे फासे केले आणि पट मांडला. आमच्या माणदेशात तर चिंचोक्यांची खळ करून घोंगड्यांना लावीत. सोनाराच्या तराजूत तांबडीकाळी गुंज असे. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. म्हणजे आपल्या आज्यांचे दागिने शहाण्णव बियांना तोळा या हिशेबाने तोलले गेले. जपाच्या माळेतला रुद्राक्ष हीही एका झाडाच्या फळातली आठळीच. खेळ, खाणे, सोने आणि देव, चारही ठिकाणी बी हजर आहे.

व्याकरणाचीही एक मौज सांगते. एकटी असली की ती बी, पुष्कळ असल्या की त्या बिया, म्हणजे स्त्रीलिंगी. मूठभर घेऊन पेरले की ते बी, ते बीज, ते बियाणे, म्हणजे नपुंसकलिंगी. पण बी हा शब्द पुल्लिंगी काही होत नाही. ही गोष्ट जरा ध्यानात ठेवा. पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

ज्याला बी धरत नाही त्याचीही भाषेने सोय केली आहे. उसाच्या कांड्या लावतात, हळदीचे आणि आल्याचे गड्डे लावतात, ते बेणे. केळीला मुनवे असतात. आणि आमच्याकडे एखादे व्रात्य पोर दिसले की, "काय बेणं आहे!" असेही म्हणतात. त्यात राग अर्धा आणि कौतुक अर्धे.

काही ठिकाणी मात्र बीज दिसते आणि ते बीज नसते. भाऊबीज, तुकाराम बीज, बीजेची चंद्रकोर यांतली बीज म्हणजे द्वितीया. शब्द झिजत झिजत येऊन बीला मिळाला, एवढेच. माझ्या नातीने मला विचारले होते, "आजी, भाऊबीजेला भाऊ पेरतात का?" तिला हसले, पण तिचे चुकले असे म्हणवेना.

शास्त्रात आणि व्यवहारात हा शब्द गेला तो मुळाच्या अर्थाने. भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ रचला. त्याच्या एका भागाचे नाव लीलावती आणि दुसऱ्याचे बीजगणित. जी संख्या अजून ठाऊक नाही तिला अव्यक्त म्हणायचे, तिला यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे द्यायची आणि उदाहरण सोडवायचे. उगवेपर्यंत दिसत नाही पण आत असते, म्हणून ते बीज. मांत्रिकाचा बीजमंत्र, व्यापाऱ्याच्या मालाची यादी ते बीजक. आपल्या बचत गटातल्या मुली बँकेत जाऊन बीजभांडवल मागतात, तेही याच घराण्यातले.

इथपर्यंत सारे गोड आहे. पण या शब्दाची दुसरीही एक बाजू आहे आणि ती सांगण्यासाठीच मी आज उभी राहिले आहे.

माणसांना आपण हा शब्द लावतो तेव्हा काय म्हणतो? "त्या घरचं बियाणंच तसं." "बीज तसा अंकुर." आणि बाईला? बाईला आपण बी म्हणत नाही. बाईला जमीन म्हणतो. ही समजूत फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्री म्हणजे क्षेत्र आणि पुरुष म्हणजे बीज असे मांडून पुष्कळ चर्चा केली आहे. त्यात पीक बीजाच्या धन्याचे की शेताच्या धन्याचे असा वाद आहे. पण शेत स्वतःचे आहे असे कोठेच निघत नाही. मानवशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६ साली या बी आणि भूमीच्या रूपकावर एक मोठा निबंध लिहिला. मूल बापाच्या बीचे, आई फक्त वाढवणारी. म्हणून मुलांवर आणि घरादारावर हक्क बापाचा. असे हे रूपक हळूच कायदा होऊन बसते, हे त्यांनी दाखवले. मला तो निबंध फार उशिरा, माझ्या धाकट्या मुलीने वाचून दाखवला. ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या थोरल्या जाऊबाई उभ्या राहिल्या. त्यांना सारे घर अक्का म्हणे.

माझे लग्न १९६८ साली झाले आणि मी माणदेशातल्या एका लहान गावात नांदायला गेले. कोरडवाहू शेती, बाजरी, मटकी, हुलगा आणि रब्बीला थोडा शाळू. घरातले बी सांभाळण्याचे काम अक्कांकडे. खळ्यावर रास पडण्याआधीच त्या शेतात फिरून चांगली कणसे हेरीत आणि त्यांना चिंधी बांधून ठेवीत. ती कणसे वेगळी मोडायची, वेगळी वाळवायची. बाजरीचे बी मडक्यात, त्यात चाळलेली राख, वर कडुनिंबाचा पाला आणि तोंड शेणामातीने लिंपून बंद. काकडीचे आणि भोपळ्याचे बी शेणात कालवून भिंतीला थापायचे. काही कणसे चुलीच्या वर धुरात टांगायची. नवरात्रात घट बसले की मातीत धान्य पेरतात, नवव्या दिवशी अक्का ते रोप निरखून बघत आणि म्हणत, "हरभरा जोरात हाय, गव्हाचं बी बदलाया पायजे." आम्हाला ती पूजा. अक्कांना ती पूजाही होती आणि बियाण्याची परीक्षाही.

अक्कांना मूल नव्हते. लग्नाला बारा वर्षे झाली होती. सासूबाई त्यांच्या पाठीमागे, आणि कधी तोंडावरही, नापीक म्हणत.

१९७० साली मला पहिल्यांदा दिवस गेले. सातव्या महिन्यात डोहाळजेवण केले. पहाटेपासून स्वयंपाकाला अक्का एकट्या. मला हिरवे लुगडे नेसवले, झोपाळ्यावर बसवले. बायका एकेक करून ओटी भरू लागल्या. तांदूळ, नारळ, खण. शेवटी अक्का हात पुसत माजघराच्या उंबऱ्याशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मी बी भरू का वटी?"

सगळ्या गप्प झाल्या. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. नको म्हणण्याचे काम त्यांनी माझ्यावर सोडले होते. आणि भगिनींनो, मी मान खाली घातली व पदर आवरून घेतला. तोंडाने काही बोलले नाही. बोलण्याची गरजच उरली नाही. अक्का परत फिरल्या. थोड्या वेळाने त्यांनीच सगळ्यांना पाने वाढली आणि मला आग्रह करून दोन पुरणपोळ्या जास्त घातल्या.

मी तेव्हा वीस वर्षांची होते, घाबरले होते, ही सबब मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिली आहे. ती पुरत नाही.

मग १९७२ चा दुष्काळ आला. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना तो आठवत असेल. विहिरींनी तळ गाठला, जनावरे दावणीची सोडून दिली. गावची गडीमाणसे आणि बायका खडी फोडायला गेल्या. कामावर सुकडी मिळे, रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळे. त्याची भाकरी घशाखाली उतरत नसे. माझी मुलगी दोन वर्षांची होती. एका संध्याकाळी ती फारच रडू लागली, तेव्हा मी अक्कांपुढे गेले आणि म्हणाले, "त्या मडक्यातली दोन मुठी बाजरी द्या, पोरीला पेज करते."

अक्कांनी मडके उघडले नाही. स्वतःच्या ताटातली भाकरी कुस्करून, पाण्यात शिजवून त्यांनी पोरीला भरवली. मला म्हणाल्या, "आज ह्ये खाल्लं तर म्होरलं साल खाल्लं." त्या रात्री मी त्यांचा मनापासून राग केला. स्वतःचे मूल असते तर कळले असते, हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. ते बाहेर पडले नाही, एवढेच माझे पुण्य.

१९७३ साली पाऊस आला. गावात पाऊस होता, वाफसा होता, पण पुष्कळ घरी पेरायला दाणा नव्हता. सासऱ्यांनी पाभर जुंपली आणि अक्कांनी मडक्याचे लिंपण फोडले. आमची पेरणी झाली आणि उरलेले बी अक्कांनी भावकीत व शेजारी वाटले. बी उसने दिले तर सवाईने परत घ्यायची चाल होती. अक्कांनी जेवढे दिले तेवढेच परत घेतले. ज्या हातांची ओटी आम्हाला नको होती, त्या हातांचे बी त्या वर्षी आठदहा घरांच्या शेतांत उगवले.

पुढे मला १९७४ साली दुसरी मुलगी झाली आणि १९७६ साली तिसरी. आता माझी पाळी आली. सासूबाई एक दिवस ओसरीवर शेजारणीला सांगत होत्या, "काय करायचं, हिची जमीनच तशी." मी आत पाळण्याजवळ बसून ऐकत होते. अक्का अंगणात शेंगा सोलीत होत्या. त्यांनी मान वर न करताच म्हटले, "आत्याबाई, जमीन कुठं ठरवती काय उगवायचं? पेरलं त्ये उगवलं." ओसरी चिडीचूप झाली. घरातल्या कोणी त्यांना तसे बोलताना कधी ऐकले नव्हते. स्वतःसाठी त्या कधी बोलल्या नाहीत. बोलल्या त्या माझ्यासाठी.

भगिनींनो, अक्का शाळेत गेल्या नव्हत्या. पण त्या बोलल्या ते शास्त्राला धरूनच होते. मूल मुलगा होणार की मुलगी हे बापाकडून कोणते गुणसूत्र येते त्यावर ठरते. १९०५ साली अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स या बाईंनी किड्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हा उलगडा केला. त्याच सुमारास एडमंड विल्सन यांनीही तेच दाखवले. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, बाई जमीन आहे हेच मुळी खरे नाही. सस्तन प्राण्यांच्या मादीच्या शरीरात बीजांड असते, ते कार्ल फॉन बेअर यांनी १८२७ साली प्रत्यक्ष पाहिले. नराचे आणि मादीचे केंद्रक एकत्र येऊन नवा जीव सुरू होतो, हे १८७६ साली ऑस्कर हर्टविग यांनी समुद्रातल्या एका प्राण्यावर दाखवले. मूल घडायला दोन्हीकडून सारखाच वाटा येतो. वर नऊ महिने पोसण्याचे काम आईचे, ते वेगळेच. आपल्या भाषेत आता पुरुषबीज आणि स्त्रीबीज असे दोन शब्द आहेत. मनूला हा दुसरा शब्द ठाऊक नव्हता.

आणि शेतातली बी तरी काय सांगते? फुलातला पराग बीजांडाला मिळतो तेव्हा बी धरते. म्हणजे सुपातली ही पावट्याची बी बाप नव्हे. ते मूल आहे. आत इवलासा गर्भ आणि भोवती आईने बांधून दिलेली शिदोरी. नारळाचे खोबरे आपण खातो, ती त्या गर्भाची शिदोरीच असते. इतकी वर्षे लोक पुरुषाला बी म्हणत आले, ती उपमाच चुकलेली होती. व्याकरण निदान खरे बोलत होते. बी पुल्लिंगी होत नाही ती उगाच नव्हे!

आणि मूल न होण्याचे कारण बाईत असू शकते तसे पुरुषातही असते. अक्कांना सासरच्यांनी दोनदा डॉक्टरकडे नेले, वैदूची औषधे दिली, उपास करवले. आमच्या भाऊजींना तपासून घ्यावे असे कोणाच्या मनातही आले नाही. तेव्हा नापीक कोण, हे कधी कळलेच नाही. कळण्याची कोणाला इच्छाही नव्हती.

१९८० साली आम्ही या गावात राहायला आलो. निघताना अक्कांनी माझ्या हातात फडक्याची एक पुरचुंडी दिली. परसातल्या तांबूस पावट्याचे बी. म्हणाल्या, "लाव कुठंतरी, कुंपणाला चढंल." इथे दोन खोल्यांत कसले कुंपण? पुरचुंडी ट्रंकेत गेली. १९९८ साली अक्का गेल्या. त्या ओटीबद्दल मी त्यांची क्षमा मागितली नव्हती. दर खेपेला गावी जाताना मनाशी ठरवीत असे आणि दर खेपेला चहापाणी, ख्यालीखुशाली यांतच वेळ जाई.

मागच्या वर्षी ट्रंक आवरताना ती पुरचुंडी सापडली. मी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळल्या, रोज पाणी शिंपडले. आठ दिवस वाट पाहिली. एकही फुगली नाही, कुजल्या. उरलेल्याही लावून पाहिल्या, व्यर्थ. बी दागिन्यासारखी ठेवून टिकत नाही. ती पेरावी लागते, नवी धरावी लागते, दुसऱ्याला द्यावी लागते, तरच राहते. हे अक्कांच्या घरात बारा वर्षे राहून मला शिकता आले नव्हते.

मी गावी पुतण्याच्या सुनेला कळवले. तिने शोध केला. आमच्या घरात तो पावटा केव्हाच संपला होता. पण वरच्या आळीतल्या एका घरी कुंपणावर तो वेल अजून होता. ती म्हातारी म्हणाली, "ह्ये अक्काचं बी हाय. त्या दुष्काळाच्या म्होरल्या साली दिलं व्हतं." चिटणीसबाईंनी माझ्या सुपात पाहिले ते हे बी.

आज पुष्कळ ठिकाणी बायका हे काम निष्ठेने करीत आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बी घरोघर हिंडून गोळा केली आणि त्यांची बँक उभी केली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. संकरित बियाण्याने धान्य वाढले हे मला मान्य आहे. भुकेचे दिवस मी पाहिले आहेत. पण संकरित पिकाचे बी धरून पेरले तर ते पहिल्यासारखे येत नाही, दर साली विकत आणावे लागते. म्हणून घरचे बीही असावे. शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क २००१ सालच्या कायद्याने दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी छाप मारून विकता येत नाही.

आता माझे मागणे. दोन गोष्टी मागते. येत्या संक्रांतीला मंडळाचे हळदीकुंकू होईल तेव्हा वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे लुटण्याऐवजी या पावट्याची एकेक पुरचुंडी लुटू या. कुंडीत लावा, गच्चीत लावा, गावी पाठवा. पण ट्रंकेत ठेवू नका. दुसरे मागणे असे की, त्या दिवशी आपल्या दारात येईल त्या प्रत्येक बाईची ओटी भरली जावी आणि तिच्या हातूनही भरून घ्यावी. नवरा आहे की गेला, मूल आहे की नाही, लग्न झाले की नाही, हे उंबऱ्यावर विचारायचे नाही. काही भगिनींना हे रुचणार नाही, मला ठाऊक आहे. त्यांच्यावर माझा राग नाही. मीही एकदा पदर आवरून घेतला होता.

आमच्या गावाकडे "बी" चा आणखी एक अर्थ आहे, तो मी मुद्दाम शेवटी ठेवला. पुस्तकी मराठीत आपण "मीसुद्धा" म्हणतो, तिथे आमची माणसे "मी बी" म्हणतात. अक्का उंबऱ्याशी येऊन एवढेच म्हणाल्या होत्या. पन्नासाहून अधिक वर्षे झाली. त्यांना उत्तर द्यायचे राहिले आहे. ते आपण सर्वजणी मिळून देऊ या.